हरभऱ्याच्या गाठी आणि वाहक प्रथिनांची जनुके : बियाणे एकच, मग दोन वावरांत दोन तऱ्हा का?

मूळरोम, नाशिक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात आहे आणि घरची शेती आहे. प्रकल्पासाठी मी ‘द्विदल पिकांच्या मुळांतील सहजीवन आणि त्यात काम करणारी पेशीपटलावरील वाहक प्रथिने’ हा विषय घेतला आहे. वाचन चालू असतानाच शेतात असे काही दिसले की माझी समज कुठेतरी अपुरी आहे असे वाटू लागले, म्हणून सविस्तर विचारत आहे.

आमच्याकडे यंदा दोन वावरांत हरभरा आहे. वाण दिग्विजय, बियाणे एकाच गोणीतले, रायझोबियमची (मुळांच्या गाठीत राहून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया एकाच वेळी एकाच ताडपत्रीवर केलेली आणि पेरणी एका दिवसाच्या अंतराने झालेली. पहिल्या वावरात आधी सोयाबीन होते. दुसऱ्यात गेली कित्येक वर्षे कांद्यामागून कांदा घेतला जातो. बेवड बदलावा म्हणून वडिलांनी यंदा तिथे प्रथमच हरभरा पेरला. पीक ४५ दिवसांचे असताना मी दोन्हीकडची पाच-पाच झाडे वाफशावर मातीच्या गड्ड्यासकट खोदून काढली, बादलीत भिजत ठेवली आणि मुळे हलक्या हाताने धुतली. सोयाबीनवरच्या हरभऱ्याच्या सोटमुळाला, वरच्या बाजूला, पंजासारखे फाटे फुटलेल्या गाठी होत्या. त्या ब्लेडने उभ्या कापल्या तेव्हा आतला भाग डाळिंबाच्या दाण्यासारखा लालसर गुलाबी निघाला आणि तो रंग बोटाला लागला. कांद्याच्या वावरातील झाडे वरून पाहता जास्त गर्द हिरवी आणि उंच होती, पण त्यांच्या मुळांवर जेमतेम ज्वारीच्या कणीएवढ्या, मोजक्याच गाठी होत्या. कापल्यावर त्या आतून पांढरट आणि एखाददुसरी हिरवट निघाली.

बियाणे एक म्हणजे जनुके एक. मग वाहक प्रथिनांची जनुके दोन्ही झाडांत सारखीच असताना एका झाडाची गाठ काम करते आणि दुसऱ्याची करत नाही, याचा उलगडा जनुकांच्या अंगाने कसा करायचा? दुसरे असे की पाठ्यपुस्तकातील आकृतीत जिवाणू गाठीच्या पेशीत मोकळे विखुरलेले दाखवतात. ते आधीच पेशीत असतील तर त्यांना काही पोहोचवण्यासाठी पटलावरच्या वाहकाची गरजच का पडावी, हे मला नीट कळलेले नाही. आणि शेवटचे म्हणजे, हरभऱ्याचा जनुकसंच वाचून झालेला आहे, तर त्यातून सहजीवनाशी संबंधित वाहकांची जनुके संगणकावर शोधणे हा चार महिन्यांत होण्यासारखा प्रकल्प आहे का?

सूक्ष्मदर्शी, नाशिक रोड

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. पुस्तकातील आकृती खोटी नाही, पण तिच्यात एक रेघ काढायची राहून गेली आहे आणि तुमचा सगळा विषय त्या एका रेघेवर उभा आहे. रायझोबियम मूळरोमातून संसर्गसूत्र नावाच्या बारीक नळीच्या वाटेने आत शिरतो आणि अखेर गाठीतील पेशीत उतरतो, तेव्हा ती पेशी त्याला स्वतःच्याच पटलात गुंडाळून आत घेते. या गुंडाळलेल्या पिशवीला सिम्बायोसोम म्हणतात आणि भरलेल्या एका पेशीत अशा हजारो पिशव्या असतात. म्हणजे जिवाणू पेशीद्रव्याला थेट कधीच भिडत नाही. पाहुणा वाड्याच्या आत आला आहे, पण माजघरात आलेला नाही; तो ओसरीवर बसला आहे आणि त्याला जे काही द्यायचे ते घरच्या माणसाने उंबऱ्यावरून नेऊन द्यायचे आहे, त्याच्याकडून जे घ्यायचे तेही तिथूनच घ्यायचे आहे. उंबऱ्यावरची ही ने-आण करणारी माणसे म्हणजे वाहक प्रथिने, आणि ती झाडाच्या जनुकांवरून तयार होतात. कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे यावर झाडाचा ताबा राहतो तो याच ठिकाणी.

आता प्रत्यक्ष काय ये-जा करते ते पाहू. पानांतून साखर गाठीपर्यंत येते, पण जिवाणूला साखर मिळत नाही. गाठीच्या पेशी साखर मोडून मॅलेटसारखी चार कार्बनांची आम्ले बनवतात आणि तीच पटलापार जातात. जिवाणूच्या बाजूला ही आम्ले आत ओढणारा डीसीटी-ए नावाचा स्वतंत्र वाहक असतो, आणि हे जनुक बिघडलेल्या जिवाणूंच्या गाठी होतात खऱ्या, पण त्या नत्र स्थिर करत नाहीत. हा इतका खर्च झाड का करते, तर हवेतील नत्राचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी (पेशीतील शक्ती साठवणारे रेणू) लागतात आणि ती शक्ती या मॅलेटमधूनच येते. उलट दिशेने जिवाणू अमोनिया सोडतो. सिम्बायोसोमच्या पटलावरील पंप आतल्या पोकळीत प्रोटॉन ढकलत असल्यामुळे ती पोकळी आम्लधर्मी राहते, अमोनियाचे अमोनियममध्ये रूपांतर होते आणि मग तो झाडाच्या पेशीद्रव्यात येऊन लगेच ग्लुटामिनमध्ये बांधला जातो. याच पटलावर सोयाबीनमध्ये नोड्युलिन-२६ नावाचे प्रथिन विपुल सापडते. ते पाण्याच्या मार्गिकांच्या कुळातले आहे आणि पाण्याबरोबर अमोनियालाही वाट देते. ग्लुटामिन बनवणारे विकर या नोड्युलिनच्या शेपटाला चिकटून राहते, हा मला या विषयातल्या सर्वांत सुंदर तपशिलांपैकी एक वाटतो: दारातून माल आत येतो आणि दारातच त्याची थप्पी लागते.

पण मॅलेट आणि अमोनियम एवढाच व्यवहार असता तर गोष्ट सोपी झाली असती. नत्र फोडणारे नायट्रोजिनेज हे विकर लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम यांच्या गुच्छांवर चालते, आणि यातील एकही वस्तू जिवाणू मातीतून स्वतः आणू शकत नाही, कारण तो आता पटलाआड बंद आहे. २००५ मध्ये लोटस जॅपोनिकस या छोट्या द्विदल वनस्पतीत एसएसटी-१ हे जनुक ओळखले गेले; ते सिम्बायोसोमच्या पटलावरून सल्फेट जिवाणूकडे पोहोचवते. हे जनुक बिघडलेल्या झाडाला गाठी येतात, जिवाणूही आत शिरतात, पण नत्र स्थिर होत नाही. त्याच झाडाला नत्रखत घातले की ते नीट वाढते. म्हणजे बिघाड झाडाच्या एरवीच्या जगण्यात नसून केवळ या एका उंबऱ्यावर आहे. लोहासाठी तसेच काम लोटसमध्ये सेन-१ करते असे मानले जाते, हे जनुक २०१२ मध्ये ओळखले गेले, आणि सोयाबीनमधील त्याचा भाऊबंद व्हीटीएल-१ या नावाने ओळखला जातो. लोह गाठीच्या पेशीपर्यंत आणण्याचे काम मेडिकागो या दुसऱ्या द्विदल वनस्पतीत एनरॅम्प-१ करते आणि मॉलिब्डेनमचे काम एमओटी-१.३ करते. विकराच्या गाभ्यात होमोसिट्रेट नावाचे एक आम्लही लागते. बऱ्याच रायझोबियमांना ते स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे तेही झाडच बनवून देते. एवढ्या साऱ्या वस्तू वेळेवर हजर झाल्या, तेव्हा कुठे तुमच्या बोटाला तो लाल रंग लागला.

आता पहिला प्रश्न. जनुक असणे वेगळे आणि जनुक चालू असणे वेगळे. एसएसटी-१ किंवा सेन-१ यांसारखी जनुके गाठ तयार होऊन पेशी भरू लागल्यावरच जागी होतात. गाठच वाढली नाही तर ती दिग्विजयच्या प्रत्येक पेशीत असूनही निजलेलीच राहतात. तुमच्या कांद्याच्या वावरात नायट्रेट भरपूर शिल्लक असणार. मुळाला नायट्रेट आयते मिळू लागले की पेशीतील एनएलपी गटाची नियंत्रक प्रथिने केंद्रकात जातात आणि गाठ घडवण्याचा कार्यक्रम चालवणाऱ्या एनआयएन या मुख्य नियंत्रकाचे काम रोखतात. या गटातील प्रथिने बिघडली तर नायट्रेट असतानाही गाठी येत राहतात, हे २०१८ मध्ये लोटस आणि मेडिकागो या दोन्हींत दाखवले गेले. तुमची झाडे वर गर्द हिरवी आणि खाली जवळजवळ रिकामी आहेत, यात म्हणूनच विसंगती नाही. त्यांना ओसरीवर पाहुणा ठेवण्याची गरज पडलेली नाही.

चांदोरी शिवार

ताई, मी शेतकरी आहे, कृषी पदविका झालेली आहे, आणि तुम्ही मुळे धुऊन, गाठी कापून पाहिल्या याचे मला मनापासून कौतुक वाटले, कारण आमच्याकडे गाठी मोजणारे पुष्कळ आहेत, पण कापून रंग पाहणारे फार थोडे. वरच्या उत्तरात जे सांगितले ते आमच्या भाषेत इतकेच आहे की कांद्याला दिलेला युरिया आणि कोंबडखत अजून जमिनीत बोलत आहे. माझ्याही कांद्याच्या वावरात पहिल्या वर्षी हरभरा माजला, फांद्या झाल्या, घाटे कमी लागले आणि गाठी तुमच्यासारख्याच पांढऱ्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्याच वावरात नत्राचा एक दाणाही न घालता हरभरा केला तेव्हा गाठी भरल्या. शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी असते, पण ती सर्वसाधारण जमिनीसाठी आहे. कांद्याच्या जमिनीत मातीची तपासणी करूनच ठरवावे.

दोन गोष्टी अनुभवाच्या सांगतो. एक म्हणजे संवर्धन, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवाणूंचे पाकीट, पिकानुसार वेगळे असते. सोयाबीनचे जिवाणू वेगळ्या कुळातले, हरभऱ्याचे वेगळे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला सोयाबीनचे राहिलेले पाकीट ‘सगळीकडे चालते’ म्हणून दिले गेले आणि मी ते हरभऱ्याच्या बियाण्याला लावले. त्या हंगामात गाठी जवळपास नव्हत्याच. तेव्हापासून पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदत वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यातून चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे; बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी आणि जिवाणू सर्वांत शेवटी.

दुसरी गोष्ट गंधकाची. वर सल्फेट नेणाऱ्या जनुकाबद्दल वाचून मला एकदम एक जुनी शंका फिटल्यासारखी वाटली. आमच्याकडे स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरणारे आणि डीएपी वापरणारे असे दोन पंथ आहेत. सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते आणि डीएपीमध्ये ते जवळपास नसते. कडधान्याला सुपर फॉस्फेट मानवते असे जुने लोक सांगत, पण ते दाण्यातील प्रथिनासाठी असेल एवढेच आम्ही समजत होतो. गाठीच्या आत बसलेल्या जिवाणूलाही गंधक झाडाच्या हातूनच मिळते हे मला माहीत नव्हते. सर, एक विचारायचे होते. आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि आम्ही ०.५ टक्के फेरस सल्फेट फवारतो. पान हिरवे होते. पण गाठीतील लोहाचे काय?

कवकजाल, पुणे (मूळ गाव सिन्नर)

लोहाचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो आणि मग माझ्या विषयाकडे, म्हणजे मुळांतील बुरशीकडे वळतो. आपल्या काळ्या जमिनीत लोह कमी नसते. सामू (पीएच) ८ च्या आसपास असल्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकलेले असते. द्विदल झाड मुळाच्या बाहेर प्रोटॉन सोडून माती थोडी आम्ल करते, लोहाचे फेरिक रूप फेरसमध्ये बदलते आणि मग वाहकातून आत घेते, पण चुनखड हे आम्ल लगेच मारून टाकते. पानावरील फवारणी पानातील हरितद्रव्य वाचवते. गाठीला मात्र लोह प्रामुख्याने मुळाच्या जलवाहिनीतून मिळते, आणि गाठीची भूक मोठी आहे, कारण नायट्रोजिनेजला लोह लागते आणि गुलाबी रंग देणाऱ्या लेगहिमोग्लोबिनलाही लागते. त्यामुळे पान हिरवे झाले म्हणजे गाठ भरली असे समजू नये. अशा जमिनीत लोहाचा ताण सोसणारा वाण निवडणे आणि शेणखताबरोबर लोह देणे हे फवारणीपेक्षा गाठीच्या जास्त उपयोगाचे. याच्या उलट मॉलिब्डेनम चढ्या सामूला अधिक सुटते. त्याची चिंता निफाड-येवल्यापेक्षा इगतपुरी-त्र्यंबककडच्या जास्त पावसाच्या, आम्लधर्मी जमिनीत भातामागून हरभरा घेणाऱ्यांनी करावी.

आता बुरशी. मूळरोम यांच्या प्रकल्पाच्या नावात ‘मुळांतील सहजीवन’ असे आहे आणि आतापर्यंतची सगळी चर्चा गाठींवर झाली आहे. आर्बस्क्युलर मायकोरायझा हे मुळे आणि त्यांत राहणारी बुरशी यांचे सहजीवन गाठींपेक्षा फार जुने, ४० कोटी वर्षांपेक्षाही जुने आहे, आणि गाठीचा व्यवहार बऱ्याच अंशी त्याच जुन्या व्यवहाराच्या वहीत लिहिलेला आहे. झाडाला जिवाणूचा किंवा बुरशीचा संदेश मिळाला की मुळाच्या पेशीच्या केंद्रकाभोवती कॅल्शियमची पातळी लयीत चढू-उतरू लागते. ही लय चालवणाऱ्या केंद्रकपटलावरील दोन आयनमार्गिकांची जनुके २००५ मध्ये लोटसमध्ये वर्णन केली गेली आणि त्यांना कॅस्टर व पोलक्स ही नावे मिळाली. आपल्या पुनर्वसू नक्षत्रातले दोन तारे तेच. यांतील एक जरी बिघडली तरी गाठीही नीट होत नाहीत आणि बुरशीही नीट आत येत नाही.

बुरशीही पेशीभित्तिका ओलांडून आत येते, झाडासारख्या बारीक फांद्या फोडते, पण पेशीचे पटल फाडत नाही. पटलच तिच्या प्रत्येक फांदीवर चढत जाते. या नव्या पटलावर मेडिकागोमध्ये पीटी-४ नावाचा फॉस्फेट-वाहक असतो. संशोधक मारिया हॅरिसन यांच्या गटाने तो २००२ मध्ये वर्णन केला आणि २००७ मध्ये दाखवले की पीटी-४ बिघडला तर स्फुरद तर मिळत नाहीच, पण बुरशीच्या त्या फांद्याही अकाली गळून जातात. झाड आपल्या पाहुण्याची परीक्षा कशी घेते त्याचा इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो: स्फुरद येत नसेल तर फांदी ठेवायची नाही. याच गटाने २०११ मध्ये पुढचा भागही दाखवला. पीटी-४ नसलेल्या झाडाला नत्राचा तुटवडा केला, तर त्या फांद्या लवकर मरत नाहीत. म्हणजे हिशेब एकट्या स्फुरदाचा नाही, नत्राचाही आहे.

मोबदला काय जातो याबद्दलचे पाठ्यपुस्तकातील वाक्य बदलायला हवे. बुरशीला साखर मिळते हे खरे, पण २०१७ मध्ये एकामागून एक आलेल्या शोधनिबंधांनी दाखवले की झाड तिला स्निग्धाम्लेही देते, आणि ते अटळ आहे, कारण या बुरशीकडे लांब साखळीची स्निग्धाम्ले पहिल्यापासून घडवणारी विकरे नाहीत. हा पुरवठा आरएएम-२ हे विकर आणि एसटीआर व एसटीआर-२ ही दोन अर्धी वाहक प्रथिने जोडीने करतात, असे आज मानले जाते. कोबीच्या कुळाने ही जनुके उत्क्रांतीत गमावली आहेत आणि कोबी-फुलकोबीच्या मुळांत ही बुरशी राहतच नाही. नाशिकच्या भाजीपट्ट्यात कोबीनंतर कडधान्य घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण कोबीच्या पिकात बुरशीला खाऊ घालणारे कोणीच नसते. कांदा तसा नाही. कांद्याच्या जाड, विरळ मुळांना बुरशी फार मानवते. आणि द्राक्षबागांत भरमसाट स्फुरद घालून वर मायकोरायझाची पाकिटे सोडणाऱ्या माझ्या मित्रांना मी नेहमी हेच सांगतो की मुळाला स्फुरद आयते मिळत असेल, तर पीटी-४सारखी जनुके चालू होण्याची वेळच येत नाही.

मूळरोम, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. ओसरीचे उदाहरण वाचल्यावर मी आकृतीत ती राहिलेली रेघ पेन्सिलने काढली आणि मग एसएसटी-१वरचा निबंध पहिल्यांदा सरळ समजला.

काल पुन्हा गावी जाऊन सोयाबीनवरच्या हरभऱ्याची एक मोठी गाठ टोकापासून बुडापर्यंत उभी कापली आणि भिंगातून पाहिली. टोक पांढरे, मधला मोठा भाग गुलाबी आणि बुडाशी, मुळाला चिकटलेला भाग किंचित हिरवट. म्हणजे एकाच गाठीत तीन वये शेजारी-शेजारी आहेत असे मला वाटले. बरोबर आहे का? तसे असेल तर कांद्याच्या वावरातील हिरवट गाठ म्हातारी म्हणायची की बिघडलेली? आणि काका, वडिलांना तुमचे गंधकाचे वाचून दाखवले. पुढच्या हंगामात ते अर्ध्या वावरात सुपर फॉस्फेट आणि अर्ध्यात डीएपी देऊन पाहणार आहेत.

प्रकल्पाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. माझा विचार असा आहे की मेडिकागोमधील माहीत असलेल्या वाहकांच्या क्रमावरून हरभऱ्यातील सारखे क्रम शोधायचे, वंशवृक्ष काढायचा आणि ‘हरभऱ्यातील सहजीवनाचे वाहक’ अशी यादी द्यायची.

सूक्ष्मदर्शी, नाशिक रोड

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. हरभऱ्याची गाठ टोकाला सतत वाढत राहते, त्यामुळे टोकाला कोवळ्या पेशी, मध्ये नत्र स्थिर करणाऱ्या आणि बुडाशी मोडीत निघालेल्या अशी रांग लागते. सोयाबीनची गोल गाठ एकदाच वाढून थांबते, म्हणून तिच्यात ही रांग दिसणार नाही. हिरवा रंग लेगहिमोग्लोबिन मोडल्याचा असतो. बुडाशी थोडा हिरवा असणे हे वयाचे लक्षण, पण ४५ दिवसांच्या झाडावर कणीएवढी गाठ पूर्ण हिरवी असेल तर ती भरण्याआधीच मोडली असे समजावे, आणि जमिनीतल्या नायट्रेटमुळे गाठी अशा मोडतात हे माहीत आहे. पांढऱ्या गाठींबद्दल मात्र आणखी एक शक्यता तपासा. जमिनीतील निरुपयोगी जिवाणूंनी संवर्धनातील चांगल्या जिवाणूंना मागे टाकले असले तरी गाठी पांढऱ्याच दिसतात. धुतलेल्या, उकळलेल्या वाळूत नत्र नसलेले पोषणद्रव्य देऊन काही झाडे वाढवा, अर्ध्या कुंड्यांना गुलाबी गाठींचा आणि अर्ध्यांना पांढऱ्या गाठींचा, पृष्ठभाग निर्जंतुक करून ठेचलेला अर्क द्या. नायट्रेट काढून टाकल्यावर दोन्हींच्या गाठी गुलाबी आल्या तर दोष जिवाणूंचा नव्हता. मला हा भाग तुमच्या प्रकल्पाचा कणा वाटतो आणि तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होण्यासारखा आहे.

यादीबद्दल मला थोडे ठामपणे बोलावेसे वाटते. हरभऱ्याचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २८ हजारांच्या आसपास जनुके वर्तवली आहेत, आणि मेडिकागो त्याचा जवळचा नातलग असल्यामुळे सारखे क्रम तुम्हाला एका आठवड्यात मिळतील. पण सारखा क्रम म्हणजे सारखे काम नव्हे, आणि गाठीत चालू असलेले जनुक गाठीला आवश्यक असतेच असेही नाही. मेडिकागोमधील स्वीट-११ घ्या. हा साखरेचा वाहक गाठीत जोरात चालू असतो, जागाही अगदी हवी तिथे आहे. २०१६ मध्ये त्याचे जनुक मोडलेली झाडे तपासली तेव्हा नत्र-स्थिरीकरण नीट चालू होते. बहुधा त्याचे काम दुसरा कोणी भाऊबंद उचलतो. आता एनपीएफ-१.७ पाहा. तो नायट्रेटचा वाहक आहे, नाव ऐकून त्याचा गाठीशी संबंध वाटणार नाही, आणि तो बिघडला तर गाठी अर्धवट राहतात आणि उपमुळेही खुंटतात. यादीत पहिला वर आला असता आणि दुसरा गाळला गेला असता.

म्हणून यादीऐवजी चार-पाचच जनुके घ्या, ज्यांचे काम उत्परिवर्तित झाडात सिद्ध झालेले आहे: एसएसटी-१, सेन-१, एनरॅम्प-१, एनपीएफ-१.७ आणि बुरशीच्या बाजूने पीटी-४. त्यांची हरभऱ्यातील जुळी शोधा, गुणसूत्रावर शेजारची जनुकेही मेडिकागोसारखीच आहेत का ते पाहा आणि तुमच्या दोन वावरांतील गाठी-मुळांतून आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढता आला तर ती चालू आहेत की बंद एवढे मोजा. एक सावधगिरी बाळगा: सोयाबीनवरचे निबंध जसेच्या तसे हरभऱ्याला लावू नका. सोयाबीन आणि तूर गाठीतील नत्र युरेइड नावाच्या नत्रयुक्त संयुगांच्या रूपात पानांकडे पाठवतात, आणि सोयाबीनमध्ये त्यासाठी यूपीएस-१ हे वाहक गाठीत लागतात. हरभरा मात्र ॲस्पॅरॅजिनसारखी अमाइडे पाठवतो, त्यामुळे यूपीएस-१चा माग हरभऱ्यात काढण्यात वेळ घालवू नये.

कवकजाल, पुणे (मूळ गाव सिन्नर)

वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. पीटी-४ घेणार असाल तर आरएनए काढण्याआधी मुळात बुरशी आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्या, नाहीतर जनुक बंद दिसेल आणि कारण कळणार नाही. त्यासाठी महागडे रंग लागत नाहीत. बारीक उपमुळांचे एक सेंटिमीटरचे तुकडे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ती पारदर्शक होईपर्यंत गरम करा, पाण्याने नीट धुवा, व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई मिसळून त्यात तीन मिनिटे उकळा आणि मग व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकलेल्या पाण्यात रंग उतरू द्या. काचपट्टीवर हलके दाबून सूक्ष्मदर्शकाच्या ४० पट वस्तुभिंगाखाली पाहिले की पेशीच्या आत झाडासारख्या फांद्या शाईने उठून दिसतात. कोवळी, पांढरी उपमुळे घ्या, सोटमुळाचे तुकडे घेऊ नका; आणि कांद्याच्या वावरातील मुळांची पट्टी आधी करा, कारण गाठी नसलेल्या त्या झाडांत बुरशी किती आहे हे मलाही पाहायचे आहे.